पट्टा उतरवल्यावर

परतवाड्याहून एसटीनं, कांद्याच्या टोपल्यात आली दोघं.
वरून जुनं लुगडं बांधलेलं
आणि त्या लुगड्याखाली दोन जागी धडधड.
कंडक्टर म्हणाला, भाजीपाला हाय ना?
मी म्हणालो, हाव.
टोपलं म्हणालं, म्याँव.

चक्कीत सोडली तशी गायब.
एक ज्वारीच्या कोठीमागं,
दुसरं थेट ओट्याच्या खाली, जिथं माझा हात पोचत नाही
आणि एकोणीस वर्षांत झाडूही पोचला नाही.
उंदरांसाठी आणली होती.
उंदरांनी रात्री नेहमीसारखी पोती कातरली,
जराही घाई न करता.

मी हाक मारली.
माझी हाक म्हणजे
मोटरीवर ओरडून ओरडून घडलेला आवाज.
लग्नात कोणाच्या कानात बोललो तर मांडव वळून पाहतो.
बेबीनंदा म्हणते, तुमी गुपित सांगू नका कोनाले,
वावरातलं बुजगावणंबी आयकते.
कोठीमागं काहीतरी अजून आत सरकलं.

दुसऱ्या दिवशी मी पट्टा उतरवला.
चक्की गप्प झाली तेव्हा कळलं,
गावात अजून पुष्कळ आवाज आहेत:
होला, हापशीची कुरकुर,
कोणाच्या तरी खळ्यात तूर झोडपणं.

गुंफाबाई डबा घेऊन आली. लाईन नाई का?
हाय, म्हटलं.
मंग?
पिल्लं भेतात असं सांगितलं असतं
तर गावात काय उरलं असतं माझं?
बेरिंग गेलं, म्हटलं.
तिनं मोटरीकडं पाहिलं, कोठीकडं पाहिलं,
माझ्या हातातल्या बशीकडं पाहिलं.
बरं, म्हणाली. बेरिंगले पोटभर चारजा.

दुपारी खाली बसून विजेचं बिल वाचलं,
जमेल तितक्या हळू.
मागील रीडिंग. चालू रीडिंग. स्थिर आकार.
त्यांना सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं माझ्याकडं.
बिल संपलं तशी उधारीची वही काढली.
बुडालेली नावंसुद्धा इतक्या हळू वाचली
की रागच येईना.

चौथ्या दिवशी एक मिशी.
फक्त मिशी, कोठीच्या कडेला, पिठाचा कण लागलेली.
मी पाहिलं नाही.
पाहायचं नसतं, हे मला शालिकरामनं शिकवलं होतं.
मला मामाकडं आणून ठेवलं तेव्हा
मी आठ दिवस कुटाराच्या कोठ्यात लपून होतो.
मामी हाका मारायची, मामा हाका मारायचा.
हा गडी मात्र रोज दुपारी यायचा,
माझ्याकडं पाठ करून भाकर खायचा,
आणि अर्धी तिथंच विसरून जायचा.
रोज.
इतका विसराळू माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

मी पाठ केली.
भाकर सुकटीच्या पाण्यात कुस्करली.
बशी विसरलो.

सहाव्या दिवशी पायाच्या अंगठ्याला
ओलं, गार, मुगाएवढं काहीतरी लागलं.
पायाला मुंग्या आल्या,
मग पाय आहे की नाही तेही कळेना.
हललो नाही.

आता दारात डब्यांची रांग लागलेली.
पट्टा चढवावाच लागला.
खटका दाबण्याआधी चाक हातानं फिरवलं,
एकच फेरा, सावकाश.
हे असं आहे, म्हटलं. ओरडतं खूप, चावत नाही.
मग दाबला.

दोघंही पळाली.
एक कोठीमागं, जुन्या जागी.
दुसरं दारापर्यंतच,
आणि तिथं थांबून, कान पाडून,
वळून बघत राहिलं.

बेरिंग बसलं वाट्टे! गुंफाबाई ओरडली.
हाव, म्हणालो. हळूच.
मोटरीच्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही.
दाराशी एक कान उभा राहिला.